परिषदेला कोणाला पाठवायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय परिषदांना सेवाभावी संस्थांनी कोणाला पाठवावे, याविषयी थोडे लिहावेसे वाटते, आणि त्याला निमित्त माझीच एक चूक आहे. जुलै २०२२ मध्ये डेन्मार्कमधील आरहूस येथे वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) या तरुणांसाठी काम करणाऱ्या चळवळीची विसावी जागतिक परिषद भरली, तेव्हा मी प्रतिनिधी म्हणून तेथे हजर होतो. माझे वय त्या वेळी ५८ होते.

दर चार वर्षांनी भरणारी ही परिषद म्हणजे केवळ स्नेहमेळावा नव्हे. जिनिव्हात मुख्यालय असलेल्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी येथेच निवडली जाते व पुढचे धोरणही येथेच ठरते. आरहूसला ‘व्हिजन २०३०’ हा कार्यक्रम मंजूर झाला. समाजाचे स्वास्थ्य, अर्थपूर्ण काम, शाश्वत पृथ्वी आणि न्याय्य जग ही त्याची चार सूत्रे. त्यातील ‘अर्थपूर्ण काम’ या सूत्रावर चर्चा चालू असताना माझ्या मनात आले, की हा प्रश्न ज्याच्या पोटापाण्याशी निगडित आहे तो तरुण घरी बसला आहे, आणि निवृत्तीची कागदपत्रे जमवत असलेला मी येथे त्याच्या वतीने मान डोलावतो आहे.

गटचर्चेत माझ्या शेजारी पंचविशीच्या आतली एक मुलगी बसली होती. नोकरी शोधणाऱ्यांसाठी तुम्ही काय करता, असे तिने विचारले. मी टिपणात पाहून प्रशिक्षणवर्गांची संख्या सांगितली. त्यांपैकी कितीजणांना काम लागले, हा तिचा पुढचा प्रश्न. मी पाने उलटत राहिलो. वर्ग किती झाले, उद्घाटनाला पाहुणे कोण होते, हे सारे माझ्याजवळ नीट लिहिलेले होते. तेवढा आकडा मात्र नव्हता. तिने खोचकपणे विचारले नव्हते, हे विशेष. तिला खरोखरच माहिती हवी होती.

खरे तर ही चळवळ तरुणांनीच उभी केली. ६ जून १८४४ रोजी लंडनमध्ये कापडाच्या पेढीत काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तिची स्थापना केली, तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. १८५५ मध्ये पॅरिसला पहिली जागतिक परिषद भरली. ती घडवून आणण्यासाठी धडपडणारे, पुढे रेडक्रॉसमुळे जगाला माहीत झालेले आंरी द्युनां हेही तेव्हा २७ वर्षांचेच होते. अशा संस्थेच्या परिषदेला ‘ज्येष्ठांचा मान’ म्हणून नावे ठरत असतील, तर आपण मूळ हेतूच विसरलो आहोत असे म्हणावे लागेल. (व्यासपीठासमोर काढलेले माझे छायाचित्र घरात अजून भिंतीवर आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो.)

नवख्यांना पाठवले तर ते काय बोलणार, असा आक्षेप हमखास घेतला जातो. मात्र अनुभवी माणसांचा उपयोग तयारीत अधिक होतो: विषयपत्रिका आधी वाचून घेणे, शाखेचे खरे आकडे हाती देणे, भर सभेत बोलण्याचा सराव करून घेणे. नाव आयत्या वेळी ठरले की पासपोर्ट आणि व्हिसाचे घोडे अडते. ज्याच्याकडे पासपोर्ट तयार असतो तोच मग जातो, आणि तो बहुधा आमच्या वयाचा असतो. म्हणून किमान निम्मी नावे तिशीच्या आतली असावीत आणि ती वर्षभर आधी ठरावीत, असा नियम संस्थांनी करावा. परत आल्यावर महिन्याभरात त्या प्रतिनिधीने शाखेतील मुलामुलींसमोर उभे राहून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. लेखी अहवाल कपाटात जातो, हे मी माझ्याच अहवालावरून सांगू शकतो.

पुढच्या परिषदांसाठी माझे नाव सुचवू नये, असे मी आमच्या समितीला कळवले आहे. व्हिसाचे अर्ज भरून देण्याचे काम मात्र माझ्याकडे द्यावे, अशी विनंतीही केली आहे; त्या कामाचा मला आता चांगला सराव झाला आहे.

आपला,
एक स्वयंसेवक वाचक