औषध पोटात गेल्यावर काय होते, तेही तपासा : आयुषमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. प्रतापराव जाधव,
केंद्रीय आयुष राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार)

स. न. वि. वि.

आपण बुलढाण्याचे, म्हणून मराठीतच लिहितो. विषय चिनी औषधांचा आहे, पण तो आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यापर्यंत येतो.

चीनमध्ये हुआंगलियान हे पिवळे, कडूजहर मूळ जुलाबावर शतकानुशतके देतात. त्यातले बर्बेरिन हे द्रव्य रक्तात जेमतेम उतरते, तरीही रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल कमी करते. हे कसे? चिनी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की आतड्यातले जिवाणू बर्बेरिनचे डायहायड्रोबर्बेरिन करतात. ते सहज शोषले जाते आणि आतड्याच्या भिंतीत शिरल्यावर पुन्हा बर्बेरिन होते. हेच बर्बेरिन आपल्या दारुहळदीत आहे.

रेवाचिनी या पोट साफ करणाऱ्या मुळीचेही तसेच. चिनी वैद्य तिला दाहुआंग म्हणतात. तिच्यातली सेनोसाइड्स ही द्रव्ये आपल्या सोनामुखीतही असतात. पोटात एकही जिवाणू नसलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदरांना सेनोसाइड दिले, तर जुलाब होत नाहीत. त्यांच्या आतड्यात योग्य जिवाणू सोडला, की होतात. म्हणजे रेचक तयार होते ते पोटात!

माझ्या आईला अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर नेहमीची सोनामुखी लागूच पडली नव्हती. तिने मात्रा वाढवली आणि आठवड्याभराने त्याच मात्रेने तिचे हाल झाले. एका अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. पण कुणीही तिला विचारले नव्हते, की नुकतीच कोणती औषधे घेतलीत?

ज्येष्ठमधाचा धोका याहून मोठा. त्यातल्या ग्लिसिरायझिनपासून जिवाणू जे आम्ल बनवतात, ते जास्त झाले तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घसरते. जिवाणू माणसागणिक वेगळे, त्यामुळे सर्वांना एकच मात्रा कशी चालेल?

म्हणून विनंती. आपल्या मंत्रालयाच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक वनौषधी चाचणीत रुग्णाने अलीकडे घेतलेल्या अँटिबायोटिकची नोंद सक्तीची करा आणि औषध सुरू करण्यापूर्वीचा शौचाचा नमुना जपून ठेवा. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, त्यांची मदत घ्या. सुरुवात दारुहळद, सोनामुखी आणि ज्येष्ठमध या तिघांपासून व्हावी. ज्येष्ठमधाच्या पाकिटावर रक्तदाबाच्या रुग्णांसाठी मराठीत, ठळक अक्षरांत इशारा छापायला तर चाचणीचीही वाट पाहायला नको.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक