रुळांकाठच्या गावांच्या पेट्या वाचवायला हात द्या

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात लिंकनहून हेस्टिंग्जकडे हायवे ६ ने जाताना रुळांच्या कडेनं जी लहान गावं लागतात, तिथली जुनी घरं एकेक करून रिकामी होत आहेत. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं डेन्व्हरहून, ओमाहाहून येतात आणि दोन-तीन दिवसांत घर आवरून टाकतात. ट्रॅक्टर, कपाटं, भांडीकुंडी लिलावात निघतात. फोटोंची, पत्रांची, रेल्वेच्या कागदांची पेटी मात्र कोणी घेत नाही. ती कचऱ्यात जाते. ती तिथं जाऊ नये म्हणून लिंकन-हेस्टिंग्ज परिसरातल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या मंडळानं काम हाती घ्यायचं ठरवलं आहे. त्यासाठी हे आवाहन.

ही गावं आधी वसली आणि मग रेल्वे आली, असं इथं झालेलं नाही. १८७१-७२ मध्ये बर्लिंग्टन अँड मिझुरी रिव्हर रेलरोड कंपनीनं लिंकनच्या पश्चिमेला रूळ टाकत नेले आणि वाटेत स्टेशनांची नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं ठेवली. क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, ज्युनिएटा, केनेसॉ, लोवेल. हेस्टिंग्ज या ओळीत बसत नाही, कारण ते दुसऱ्या कंपनीचा मार्ग जिथं आडवा आला तिथं वाढलं. पुढं त्यानंच ज्युनिएटाकडून काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, मुख्यालय घेतलं. लोवेल काही काळ गजबजलं, पण रूळ कर्नीपर्यंत पोचले आणि त्याची रया गेली. इनलँडला तर आज स्वतःची नगरपालिकाही नाही. रेल्वेनं वसवलेलं गाव रेल्वेच्या एका निर्णयानं कसं ओस पडतं, ते या एका मार्गावर दिसतं.

इथली जमीनही मोकळी पडलेली नव्हती. प्लॅट नदीच्या दक्षिणेचा हा मुलूख पॉनी लोकांचा. १८३३ च्या करारानं तो त्यांच्या हातून गेला आणि १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. रेल्वे कंपनीला सरकारकडून जमीन मिळाली आणि ती विकण्यासाठी तिनं युरोपातून माणसं बोलावली. याच मार्गावरच्या सटनला १८७३ मध्ये रशियातले जर्मन शेतकरी येऊन राहिले, क्रीटच्या आसपास चेक कुटुंबं स्थिरावली. त्यामुळे पेटीत जुन्या जर्मन लिपीतलं पत्र निघालं तर नवल नाही. घरच्या नातवंडांना ते वाचता येत नाही आणि म्हणूनच ते आधी फेकलं जातं.

दुसऱ्या महायुद्धात हेस्टिंग्जच्या पूर्वेला नौदलाचा प्रचंड दारूगोळा कारखाना उभा राहिला. समुद्रापासून इतक्या दूर, तोही याच भागात, कारण शत्रूच्या टप्प्याबाहेरची जागा होती आणि रेल्वे दाराशी होती. १५ सप्टेंबर १९४४ च्या स्फोटात तिथं नऊ माणसं गेली आणि हार्वर्डच्या शाळेच्या छताचा काही भाग कोसळला. त्या वेळी शाळेत असलेली मुलं आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या तोंडून ऐकायला फार वर्षं उरलेली नाहीत. आम्हाला सर्वांत जास्त घाई या कामाची आहे.

काम असं करायचं आहे. घर आवरणाऱ्या कुटुंबाला भेटून पेटी मागून घ्यायची, कागद आणि फोटो स्कॅन करायचे, फोटोतली माणसं कोण ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवायचं आणि पेटी जशीच्या तशी परत द्यायची. स्कॅनची एक प्रत घरच्यांना, एक त्या काउंटीच्या इतिहास संस्थेला देऊ करायची. ज्यांना बोलायचं असेल त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या. घरच्यांच्या परवानगीशिवाय एकही कागद कुठं जाणार नाही.

यासाठी एक चांगला फ्लॅटबेड स्कॅनर, दोन रेकॉर्डर, हार्ड डिस्क, फोटो ठेवायचे आम्लरहित लखोटे आणि पेट्रोल एवढा खर्च आहे. पहिल्या वर्षासाठी आम्ही ३,५०० डॉलरचा अंदाज धरला आहे. पंचवीस डॉलर दिलेत तरी उपयोगी पडतील. वापरात नसलेला स्कॅनर किंवा लॅपटॉप असेल तर तोही चालेल.

पैशांइतकीच माणसं हवीत. शनिवारी गाडी घेऊन येणारे, आजीआजोबांशी धीरानं बोलू शकणारे, जर्मन किंवा चेक भाषा जाणणारे कोणी ओळखीचे असतील तर तेही.

आणखी एक विनंती खास आपल्या लोकांना. उन्हाळ्यात आपले आईवडील इकडे येतात. त्यांतले काही भुसावळ, दौंड, मनमाडला रेल्वेत आयुष्य काढलेले. त्यांना जरूर घेऊन या. आपल्याकडे टोकन (ड्रायव्हरच्या हाती द्यायची परवान्याची खूण) आणि लाइन क्लिअर (पुढच्या स्टेशनची परवानगी) यांवर गाडी सुटायची. इथं स्टेशन एजंट तारेवर आलेली गाडी चालवण्याची ऑर्डर पातळ कागदावर उतरवून, ती कडीला अडकवून धावत्या इंजिनाकडे उंच धरायचा. तारेचा मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपीही आपल्यापेक्षा वेगळी, अमेरिकन. तपशील निराळे असले तरी गाडीचं रजिस्टर, ड्यूटीची पाळी, सेक्शनचा गँगमन (रुळांची देखभाल करणारा) म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. जुना फोटो पाहून त्यातला खांब कशाचा, खिडकी बाहेर का काढलेली, हे ते चटकन सांगतील. रुळांच्या दोन्ही बाजूंना गाडी दिसावी म्हणून स्टेशन एजंटची खिडकी अशी पुढं काढलेली असायची. आमच्यातल्या तरुण अभियंत्यांना ती नुसती सजावट वाटते.

देणगी चेकनं किंवा ऑनलाइन देता येईल. मंडळाच्या खजिनदारांना कळवलंत की पावती मिळेल आणि वर्षअखेरीस पैपैचा हिशोब सभेत मांडला जाईल. तुमच्या शेजारी, ऑफिसात, मुलांच्या शाळेत या गावांतलं कोणी असेल, तर त्यांना आमच्याबद्दल सांगा. त्यांच्या घरी पेटी असेल आणि घर आवरायचा दिवस ठरला असेल, तर आम्हाला निदान आठवडाभर आधी कळवा, म्हणजे कोणाला तरी तिथं पाठवता येईल.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी