जादूच्या पुस्तकाविषयी, आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी फोनवर बाबांचा आवाज चढला आणि मी ‘नंतर बोलू’ म्हणून विषय मिटवला. बाबा, तुमचं म्हणणं मी शेवटपर्यंत ऐकूनच घेतलं नाही. माफ करा. पण विश्वासणाऱ्यांच्या घरात नातीच्या हाती जादूगाराचं पुस्तक कसं, हा तुमचा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

तुमची भीती मला खोटी वाटत नाही. चेटूक, शकुन पाहणं, मृतांना विचारणं यांचा देवाला वीट आहे, हे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय. इफिस शहरात विश्वास ठेवलेल्या लोकांनी जादूची पुस्तकं सर्वांदेखत जाळली, तीही 50,000 रौप्य नाण्यांची. पण ती जादू करणाऱ्यांनी स्वतः आणलेली, वापरातली पुस्तकं होती. तसलं, मंत्र आणि विधी शिकवणारं एक पुस्तक नातीला भेट आलं होतं. ते मी त्याच दिवशी परत केलं.

एंदोर गावी गेलेल्या शौल राजाची गोष्ट मी पुन्हा वाचली. देव उत्तर देईना, म्हणून तो वेष पालटून रात्री भूतविद्या करणाऱ्या बाईकडे गेला. मला वाटतं पाप तिथे आहे: देव देत नाही ते त्याला वळसा घालून मिळवायचं. गोष्टीत अशक्य काही घडलं, एवढ्यानं ती पाप होत नाही. बायबलमध्येच, ‘शास्ते’ या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात, योथामाच्या दृष्टांतात झाडं बोलतात, स्वतःसाठी राजा शोधतात. आणि आई, झोपताना तू सांगायचीस त्या गोष्टींतले पक्षीही बोलायचेच की.

नात वाचतेय ते पुस्तक टॉल्किन यांचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आहे. ते कॅथलिक होते, आणि आपलं हे लेखन मुळात धार्मिक, कॅथलिक आहे, असं त्यांनी 1953 साली एका पत्रात लिहिलं होतं. त्यात एक अंगठी आहे, सगळ्यांवर सत्ता देणारी. ती ज्याच्याकडे येते तो नायक फ्रोडो ती गॅन्डाल्फ या जादूगाराला देऊ करतो आणि तो घाबरून नाही म्हणतो. दयेपोटी, चांगलं करण्यासाठी म्हणून मी ती वापरायला जाईन आणि तिचाच होऊन जाईन, याची त्याला धास्ती वाटते. बाबा, हे वाचताना मला मत्तयाचा 4था अध्याय आठवला: उंच डोंगर, सैतानानं देऊ केलेली जगातली सगळी राज्यं, आणि प्रभूचा नकार. पुढे ती अंगठी नष्ट होते तो दिवस 25 मार्च, मरीयेला देवदूताचा निरोप मिळाल्याचा सण. हे मला अलीकडेच कळलं आणि मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले.

प्रत्येक जादूची गोष्ट अशी नसते, हे मला मान्य आहे. ज्या गोष्टीत शक्ती हातात आली की नायकाला कुणाचाच धाक उरत नाही, सूड गोड वाटतो, ती मला मंत्रांच्या पुस्तकाइतकीच खटकते, मग तिच्यात जादू नावालाही नसो. म्हणून मी तुमच्या नातीबरोबर बसून वाचते.

काल तिनं विचारलं, “अंगठी जवळ ठेवून फ्रोडो चांगला राहील का गं?” मी म्हटलं, हे आजोबांना विचार. शनिवारी संध्याकाळी ती फोन करेल. बाबा, तुम्हाला वाटेल ते तिला मोकळेपणानं सांगा. मी मध्ये बोलणार नाही.

तुमची,
लाडकी लेक