बाईंचं हिरवं इरकली पातळ

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय मंजू,

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मी मधलं सगळं गाळून शेवट सांगून मोकळी होते. ह्या गोष्टीला अजून शेवटच नाही, म्हणून लिहायला बसले. तब्येती ठीक. माझा गुडघा आहे तिथेच आहे, ह्यांची साखर समोर जिलबी येईपर्यंत आटोक्यात असते. झालं.

आता ऐक. आपल्या शिवणाच्या बाईंचं हिरवं इरकली पातळ आत्ता माझ्या टेबलावर घडी घालून ठेवलंय, आणि मला त्याची चार कापडी अस्वलं करायची आहेत, खेळण्यातली.

हो, त्याच बाई. आणि हो, तेच पातळ. गॅदरिंगचं.

तुला माहीतच आहे, कोविडनंतर माझ्याकडे ही आठवणीची कामं फार यायला लागली. कुणाच्या वडिलांचा चौकड्यांचा शर्ट, कुणाच्या आजीची दुलई. एकीने तर नवऱ्याची हाफ चड्डी आणली होती, कारण तो दुसरं काही घालायचाच नाही म्हणे. (छान झालं ते अस्वल. थोडं बेशिस्त दिसतं, पण ती म्हणाली, तसेच होते ते.) तर गेल्या आठवड्यात एक बाई आल्या, आपल्याच वयाच्या, नीटनेटक्या, बोलायला गोड. पिशवीतून साडी काढली. सासूबाईंची आहे, चार नातवंडं चार गावांना, प्रत्येकाला एकेक अस्वल द्यायचंय. मी नेहमीसारखी साडी खिडकीपाशी नेऊन उलटी केली. आधी उलटी बाजूच बघायची, ही सवय कुणी लावली ते तुला सांगायला नको. काठाजवळ रफू होतं. सुलटीकडून पत्ताच लागत नव्हता, उलटीकडून नखाएवढ्या चौकोनात ताणा-बाणा एकेक धागा उचलून भरलेला, आणि धागाही त्याच साडीतून काढलेला. आणि कोपऱ्यात धोब्यासाठी लाल साखळीटाक्यात दोन अक्षरं. मंजू, ती अक्षरं मी ओळखली. त्यांच्या छत्रीवर होती, पट्टीवर होती, आपल्या वह्या तपासल्या की खाली होती.

मी आवाज खाली आणून विचारलं, जसं सगळ्यांना विचारते, "कधी गेल्या?"

तर त्या म्हणाल्या, "छे छे, आहेत की!"

आहेत. शहाऐंशीच्या आहेत. कोथरूडच्या पुढे एका वृद्धाश्रमात. माणसं ओळखत नाहीत, पण खातात-पितात, झोपतात, देवाचं म्हणतात. फ्लॅट विकला, कपाटं रिकामी करायची होती. बाकीच्या साड्या बोहारणीला जाणार होत्या, ही तेवढी वाचली. तिथे सगळ्या गाऊनच घालतात, साडी कुणी नेसवायची?

मी आडवळणाने विचारलं, त्यांना आठवते का ही साडी? त्या म्हणाल्या, साडीचं नाव काढत नाहीत. कपाटाची किल्ली मात्र विचारतात. रोज.

ह्या सुनेबद्दल आत्ताच काही बोलू नकोस. मी ओळखते तुला, तुझ्या तोंडावर आलंही असेल. बारा वर्षं तिने घरी केलंय सगळं, शेवटची दोन तर रात्ररात्र जागून. हात दिसतात अगं माणसाचे. साडी तिने माझ्यासमोर पसरली ना, तेव्हा आधी टेबल पुसून घेतलं. मी बाईंची विद्यार्थिनी, हे मी तिला बोलले नाही. बोलले असते तर तिने पैसे कमी करायला सांगितले असते, असं ह्यांना सांगितलं. खरं कारण मलाच नीट माहीत नाही.

कात्री लावायला मी घाबरत नाही. तू आणतेस ते मोहेअर, अस्वलांचं लवीचं कापड, ते कापताना जास्त घाबरते, कारण तिथे उलट्या बाजूने कात्रीचं नुसतं टोक घालून खालचं कापड तेवढं कापायचं असतं, लव कापली गेली की कडेला टक्कल पडतं. सुती साडीला तसं काही नाही. मागून फ्यूजिंग, म्हणजे चिकटणारं अस्तर, इस्त्री करायचं, म्हणजे भरताना ताणत नाही आणि उसवत नाही, मग खडूने आखायचं. पोटाचे दोन, हात चार, पाय चार, कान चार, डोक्याचे दोन बाजूचे आणि मधली कपाळपट्टी, तळवे लाल पदरातून. चौदा इंची एका अस्वलाला अर्धा मीटर सुद्धा लागत नाही. म्हणजे चार अस्वलं झाली तरी साडेतीन मीटर उरणार. हे गणित मी रात्री करत बसले होते. साडेतीन मीटर म्हणजे काय, नेसता येत नाही आणि टाकवत नाही. त्याचे पडदे करायचे का?

(फ्यूजिंग! बाईंनी बघितलं तर? डिंकाने चिकटवून शिवण होत नसते, पोरींनो.)

गेलेल्या माणसाच्या कपड्याला हात लावताना मला कधी काही वाटलं नाही. थोडा वेळ वाटतं, मग काम सुरू झालं की तो शर्ट राहत नाही, लवीची दिशा, चौकड्या जुळवणं, हातपाय फिरते जोडायच्या चकत्या, कॉटर पिना ह्यांत जीव जातो. पण ह्या साडीची मालकीण आहे. उद्या तिने किल्ली मागायच्या ऐवजी हिरवं पातळ मागितलं तर? मागणार नाही, हे कळतं. डॉक्टरांनी सांगितलंय, सुनेने सांगितलंय, सगळ्यांना कळतं. तरी मी आखणीचा खडू उचलते आणि परत ठेवते. आणि मग उगाच दुसरीच कामं काढते. एक जुनं अस्वल दुरुस्तीला आलंय, आत लाकडाचा कीस, पावसाळ्याने दमट होऊन कुबट झालेला, तो सगळा काढून उन्हात वाळत घातलाय गच्चीवर. ह्यांनी विचारलं, आज जेवायला हेच का?

ह्यांचं मत विचारलंस तर, "गिऱ्हाईक आहे, करून टाक." माणूस चाळीस वर्षं बँकेत होता, त्याच्याकडून आणखी काय येणार. तसे कामाला येतात पण. ते हस्तकलेचं ओळखपत्र ह्यांनीच काढायला लावलं होतं मला. २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय सक्तीचं झालं ना, त्यात नोंद असलेल्या हस्तकला कारागिरांना सूट आहे. सुनेने विचारलंच, सर्टिफिकेट वगैरे? मी कार्ड दाखवलं. फोटोत मी खिसेकापू दिसते, त्यामुळे तिने लगेच परत दिलं.

तुला हे लिहायचं कारण असं की बाईंबद्दल तुझ्या मनात गोडवा नाही. बाकी कुणाला सांगितलं तर "आई गं" म्हणतील आणि डोळे पुसतील, त्याचा मला उपयोग नाही. तुझा डावा हात त्यांनी मागे बांधायला लावला होता. रुमालाने. तू उजव्याने धावदोरा घालायचीस तो रेल्वेचे रूळ उखडल्यासारखा, म्हणून तुझ्या वहीतले सगळे नमुने मी शिवले, तुरपाई, काजं, रफू, सगळे, आणि त्याच हाताच्या त्याच टाक्याला तुला अ मिळाला आणि मला ब. त्यावरून आपण सातवीचं अख्खं दुसरं सत्र बोललो नव्हतो. मी अजून म्हणते, मला निदान अर्धा अ द्यायला हवा होतास.

आणि जर्मनीत गीनगेनला त्या खेळण्यांच्या म्युझियममध्ये आपण गेलो होतो, तेव्हाचं आठवतं? ती मार्गारेट श्टाईफ, खेळण्यांची कंपनी काढलेली. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय गेलेले, उजवा हात दुखरा, म्हणून शिवणाचं मशीन उलटं फिरवून डाव्या हाताने चाक फिरवायची. आधी टाचण्या टोचायचे हत्ती शिवले, अस्वलं कितीतरी नंतर, १९०२ मध्ये, तीही पुतण्याच्या डोक्यातून निघालेली. मी तिथे अस्वलांच्या कानातली कंपनीची बटणं बघत होते आणि तू त्या मशीनपुढे उभी होतीस. मग एवढंच म्हणालीस, "हिला आपल्या बाई भेटल्या नाहीत, नशीब." आणि कॉफी प्यायला निघून गेलीस. मी तेव्हा हसले होते. आता मला वाटतं, तू तिथे जरा जास्त वेळ उभी होतीस.

पण मंजू, आज माझं घर ज्या टाक्यावर चालतं तो त्यांचा आहे. पाठीची शेवटची शिवण बाहेरून मिटवताना टाका दिसू नये म्हणून जे करते, ते त्यांनी उशीच्या अभ्र्यावर शिकवलं होतं. तेव्हा ह्या दोन बायका आहेत, एक तुझी आणि एक माझी, आणि पातळ एकच.

मी जाऊन भेटून यावं असंही मनात येतं. पण जाऊन विचारायचं काय? शुद्धीत असत्या तर नाहीच म्हणाल्या असत्या, हे तुला-मला दोघींना ठाऊक आहे. वर, चौदा इंचाच्या अस्वलाला आडवा काठ का घेतलास म्हणून ऐकवलं असतं. आणि आता हो म्हणाल्या, तर ते हो कुणाचं धरायचं?

एक वाट दिसते. अस्वलं तुझ्या मोहेअरची करायची, कापडाला हात लावायचाच नाही, तळव्यांना आणि कानांच्या आतल्या बाजूला फक्त त्याच रंगाच्या ब्लाऊजचे तुकडे. बाईंचे ब्लाऊज नक्की असणार, त्या एका पातळावर चार शिवून ठेवायच्या. पातळ अख्खं राहील. सुनेला विचारलं नाही अजून. आणि तिला नातवंडांच्या हातात साडीच द्यायची असेल, तेही मला कळतं, पोरांना ब्लाऊज कुठला आठवणार, आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं की गालाला लागायची ती साडी. म्हणजे पुन्हा मी आहे तिथेच.

तू काय केलं असतंस? विचार करून नको सांगूस, पहिलं मनात येईल ते लिही. तुझं पहिलं नेहमी बरोबर असतं, लग्न सोडून. (गंमत केली. भाऊजींना वाचून दाखवू नकोस.)

तुझं काय चाललंय? मोतीबिंदूचं झालं का? लहान घरात जायचं ठरवलंत ते बरं केलंत, जिने कुणी चढायचे. रोहितचं नक्की झालं की अजून "बघू"? नातीचं अस्वल तयार आहे, डोळे तेवढे लावायचे आहेत. आधी काळ्या मण्यांच्या टाचण्या खोचून बघितलं, एक रेघ खाली घेतले तर रोहितसारखं कंटाळलेलं दिसायला लागलं, म्हणून परत वर घेतले. काचेचे बोहरी आळीत मिळाले नाहीत, तिथे कॉटर पिना मात्र अजून वजनावर देतात.

आणि गॅदरिंगचा तो ग्रुप फोटो तुझ्याकडे आहे ना, ज्यात तू मुद्दाम डोळे मिटलेस? बाई उजवीकडून दुसऱ्या. त्यांचा ब्लाऊज कुठल्या रंगाचा आहे ते बघून मला व्हॉट्सॲपवर पाठव. फोटो कृष्णधवल असेल तर आठवून सांग, तुझी आठवण माझ्यापेक्षा दुष्ट आहे. सूनबाई शनिवारी यायच्यात. त्याच्या आत.

तुझी,
शैला

ता. क. डिसेंबरात येताना मोहेअर आणलंस तर बारा मिलिमीटरचं आण. गेल्या वेळचं तू "हे जास्त मऊ आहे" म्हणून पंचवीसचं आणलंस, त्याची जी अस्वलं झाली ती न्हाव्याकडे न्यावी लागतील. आणि पैसे घे ह्या वेळी. नाहीतर मी शनिवारवाड्यासमोर भांडेन.