घोडा-ट्रेलरची जोडणी गेटबाहेर पडण्याआधी तपासली जावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

न्हावाशेवा बंदराभोवतीच्या कंटेनर यार्डांमध्ये एकाने सोडून ठेवलेला ट्रेलर दुसऱ्याच घोड्याला (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनगाडीला) जोडण्याचे काम रात्रंदिवस चालते. गेटवर कंटेनरचे सील आणि कागदपत्रे पाहिली जातात. परंतु ट्रेलरच्या तळाला असलेल्या ज्या 50 मिलिमीटर जाडीच्या किंगपिनवर सारा भार ओढला जाणार असतो, ती फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे घोड्याच्या पाठीवरील जोडणीच्या चकतीच्या, जबड्यात नीट अडकली आहे की नाही, हे पाहणे घाईत असलेल्या एकट्या चालकावर सोडले जाते.

खरा धोका उंचीच्या अंदाजात आहे. ट्रेलरचा पुढचा तळ फिफ्थ व्हीलपेक्षा किंचित खाली असेल, तर घोडा मागे शिरताना ट्रेलर थोडा उचलला जातो आणि पिन बरोबर जबड्यात येते. ट्रेलर उंच राहिला, तर पिन जबड्याच्या वरच टेकते; ब्रेकच्या हवेचे एअर पाईप लागतात, दिवे पेटतात, सारे ठीक वाटते आणि पुढे एखाद्या चढावर किंवा वळणावर ट्रेलर सुटतो. पावसाळ्यात मुरमाच्या जमिनीत लँडिंग लेग (सुटा ट्रेलर ज्यांवर उभा राहतो ते पुढचे पाय) रुतून ही उंची बदलते, म्हणून घोडा ट्रेलरखाली घालण्याआधी चालकाने खाली उतरून ती पाहिलीच पाहिजे.

फिफ्थ व्हीलचे हँडल आत गेले म्हणजे लॉक लागले, ही समजूत तर फारच घातक आहे. टॉर्च घेऊन वाकून पाहावे: फिफ्थ व्हील आणि ट्रेलरचा तळ यांत फट नसावी आणि जबडा पिनेमागे पूर्ण मिटलेला दिसावा. त्यानंतर ट्रेलरचे ब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये घोडा हलकेच पुढे ओढून पाहावा, आणि मगच लेग वर घ्यावेत. अनेक जण लेग आधी उचलतात. अशा वेळी जोडणी कच्ची असली, तर भरलेला ट्रेलर तोंडावर आदळतो.

एअर पाईप जोडतानाही घोड्याचा हँडब्रेक लावलेलाच हवा. ट्रेलरला हवा पुरवणारा लाल पाईप लागताच ट्रेलरचे आपत्कालीन ब्रेक सुटतात, आणि ट्रेलरचा स्वतंत्र पार्किंग ब्रेक लावलेला नसेल, तर सबंध गाडी सरकू लागते. घोडा मागे येत असताना क्लीनरने मध्ये उभे राहून इशारे करणे तर तातडीने थांबले पाहिजे. त्या जागेत चिरडला जाणारा माणूस चालकाला आरशात दिसत नाही.

यार्डचालकांनी लेग टेकण्यासाठी काँक्रीटचे पट्टे आणि पुरेसा उजेड द्यावा, तसेच गेटपूर्वी जोडणी तपासण्यासाठी थांबा ठेवून कागदपत्रांबरोबर तिचीही नोंद सक्तीची करावी, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत मागणी करतो.

आपला,
एक ट्रेलरचालक, उरण