मुरुमांच्या ट्यूबबद्दल पण छापा की

संपादक साहेब,
सांगलीत हळदीला काय तोटा नाही, त्यामुळं पोरीच्या मुरुमांवर आधी आजीचा लेपच झाला, मग शेजारणीनं सांगितलेली गोरं करणारी ट्यूब, तिच्यात स्टेरॉइड निघालं आन पुरळ दुप्पट. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी बेंझॉइल पेरॉक्साइड (मुरुमांचे जंतू मारणारं मलम) दिलं, तेपण 2.5 टक्केवालंच, कारण 10 टक्क्यांनं गुण काय फार जास्त येत नाही, नुसती आग वाढते (टॉवेलचा रंग उडाला ते वेगळंच!). रात्री अ‍ॅडापलीन (त्वचेची छिद्रं तुंबू न देणारं मलम), वाटाण्याएवढंच, आणि फरक दिसायला 8 ते 12 आठवडे धीर धरायचा. एकटं क्लिंडामायसिन (अँटिबायोटिक मलम) लावत बसलं तर जंतू त्याला दाद देईनात. तुमच्या आरोग्य पानावर सारखे लेपच असतात, हेपण येऊ द्या.
– एक पालक, विश्रामबाग, सांगली