चहा पाजून मिटवलेली भांडणं

संपादक साहेब, नमस्कार.

कॉलेजांच्या मॅचेसचा सीझन सुरू झालाय. दादोजी कोंडदेवच्या बाजूने जाताना ट्रॅकसूटमधली पोरं वडापाव खाताना दिसतात, ट्रान्सहार्बरला वाशीच्या गाडीत किटबॅगा पायात येतात आणि मला माझं जुनं टेबल आठवतं. ठाण्यातल्या एका कॉलेजात (नाव मुद्दाम लिहीत नाहीये) मी २२ वर्षं ऑफिसात होते, त्यातली शेवटची ९ वर्षं जिमखान्याचं काम माझ्याकडे. एलिजिबिलिटी फॉर्म, एंट्री फी, टीए-डीए, कोचचं मानधन, टीशर्टची बिलं सगळं. मैदानावर मी पाच वेळासुद्धा गेले नसेन, पण तिथली भांडणं शेवटी माझ्याच काउंटरवर यायची.

पेपरात खेळाडूंबद्दल येतं, कोचबद्दल कधीमधी येतं. कोच आणि ऑफिस, कोच आणि पीटी सर, कोच आणि ग्राउंडवरचा माणूस ह्यांच्यात काय चालतं ते मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून मीच लिहिते. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते, नाहीतर लोक म्हणतील रिटायर झाल्यावर बाईंना कंठ फुटला.

आमची मुलींची कबड्डीची टीम होती. कोच बाहेरचे, सीझनपुरते, मानधनावर. स्वतः चांगले खेळलेले, ऐरोलीला राहायचे, दिवसा नोकरी करून संध्याकाळी पाचला यायचे. आमचं काउंटर तीनला बंद. सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे बघा, पाच आणि तीन. हे दोन आकडे कधी भेटतच नव्हते, आणि ह्यांना भेटवायचं काम आपलं आहे असं कोणालाच वाटलं नाही. फॉर्मला फोटो लागतो, मार्कशीट लागते, बोनाफाइड लागतं, प्रिन्सिपल सरांची सही-शिक्का लागतो. मुली कागद उशिरा आणणार, कोच ट्रायल संपेपर्यंत नावं फायनल करणार नाहीत, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत सगळा गठ्ठा शिपाई मामांच्या हातात कोंबायचे आणि मामा तो कुठेतरी ठेवायचे. एका वर्षी आमच्या मेन रेडरचाच फॉर्म राहिला. कोच म्हणाले मी मामांकडे दिला, मामा म्हणाले मॅडमच्या ट्रेमध्ये ठेवला, माझ्या ट्रेमध्ये तो कधी आलाच नाही किंवा आला असेल तर परीक्षेच्या कागदांखाली गेला, देव जाणे.

मग कोच काउंटरवर आले आणि सात-आठ मुलींसमोर ओरडले. बसून पगार खाता वगैरे. मी पण गप्प बसणारी नाही, म्हटलं आधी वेळेत यायला शिका मग आम्हाला शिकवा. मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यातल्या एकीच्या डोळ्यात पाणी आलं ते मला दिसलं, तरी मी थांबले नाही.

आता जे लिहिते ते ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. टीमच्या अ‍ॅडव्हान्सचा चेक सही होऊन माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मॅच शनिवारी, भांडण गुरुवारी. मी त्यांना सांगितलं सोमवारी या. झालं. माणसाने स्वतःच्या खिशातून १२ मुलींची तिकिटं काढली, खाणं घातलं, मेन रेडर नसताना टीम उतरवली आणि पहिल्याच मॅचला हरून परत आले. नंतर बिलं आली तेव्हा मी ऑब्जेक्शन काढलं, वडापावच्या गाडीवाल्याचं पक्कं बिल नाही म्हणून. नियमाने मी बरोबर होते, मनाने अजिबात नव्हते. ऑफिसात काम केलेल्या माणसाला हे बरोबर कळेल, नियम हातात असला की राग काढायला आवाज चढवावा लागत नाही, फाईल दाबून ठेवली तरी पुरतं.

प्रिन्सिपल सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले आपण एका कुटुंबातली माणसं, मिटवून टाका. कोणी विचारलं नाही फॉर्म कुठे गेला, पैसे का नाही मिळाले. आम्ही दोघांनी चहा प्यायला, मान डोलावली. पुढच्या वर्षी कोच आले नाहीत, आणि सलग दोन वर्षं मुलींची टीमच गेली नाही. ती रेडर मुलगी कॉरिडॉरमध्ये मी दिसले की मान फिरवायची.

हा स्वभावाचा प्रश्न आहे असं सगळे म्हणतात. कोच म्हणजे तापट असणारच, क्लार्क म्हणजे खडूस असणारच. मला हे पटत नाही. माझ्या ९ वर्षांत कोच बदलले, पीटी सर बदलले, प्रिन्सिपल दोन झाले, भांडणं तीच राहिली. फॉर्म, पैसे, ग्राउंडची वेळ आणि जखमी खेळाडू. माणसं बदलून भांडण बदलत नसेल तर ते माणसांत कुठे आहे? ते कामाच्या मांडणीत आहे. कॉलेजात कायम पोस्ट असते ती फिजिकल एज्युकेशन डिरेक्टरची, ज्यांना आपण पीटी सर म्हणतो. कबड्डी, खो-खो, बॉक्सिंगचे कोच बहुतेक असेच सीझनपुरते येतात, कितीतरी जणांकडे नेमणुकीचं साधं पत्रसुद्धा नसतं, फोनवर ठरतं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारींची सोय आहे, कॉलेज विकास समिती आहे, पण ज्याचं नाव मस्टरवरच नाही त्याने कुठल्या दारात जायचं? मग तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहितो. त्या ग्रुपवर खेळाडू असतात, त्यांचे पालक असतात, आणि बारा तासांत स्क्रीनशॉट ट्रस्टींकडे.

मोठ्यांचं तरी काय वेगळं आहे म्हणा. अनिल कुंबळेंनी जून २०१७ मध्ये भारताच्या क्रिकेट टीमचं कोचपद सोडलं तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की कॅप्टनला आपल्या काम करण्याच्या पद्धतीबद्दल अडचण आहे हे आपल्याला आदल्या दिवशी पहिल्यांदा कळवण्यात आलं. एक वर्ष एकत्र काम, आणि कळलं कधी तर निघायच्या आदल्या दिवशी! मध्यस्थीचा प्रयत्न झाला होता पण तोवर दूध नासलेलं. २०१८ च्या महिलांच्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला मिताली राजला बाहेर बसवलं, त्यानंतर तिचं बोर्डाला लिहिलेलं पत्र फुटलं, कोच रमेश पोवारांनी आपली बाजू रिपोर्टमध्ये मांडली, ती पण बाहेर आली, सगळ्या देशाने वाचलं. गंमत म्हणजे २०२१ ला पोवार परत कोच झाले आणि मिताली वनडेची कॅप्टन होती, २०२२ चा वर्ल्ड कप दोघं एकत्र खेळून आले. म्हणजे इतकं होऊनसुद्धा माणसं परत एकत्र काम करू शकतात. आमच्याकडे एका वडापावच्या बिलावरून टीम बंद पडते.

मला विचाराल तर जूनमध्ये, सीझनच्या आधी, पीटी सर, सगळे कोच, ऑफिसचा एक माणूस, ग्राउंडवाले मामा आणि फिजिओ असेल तर तो, ह्यांना एका टेबलाला बसवा आणि एका कागदावर लिहून काढा की कुठलं काम कोणाचं आणि कुठल्या तारखेपर्यंत. आमच्यासारखं पाच आणि तीन असेल तर सीझनमध्ये आठवड्यातून एक दिवस काउंटर सहापर्यंत उघडं ठेवा, त्या दिवशी सकाळी उशिरा या, हाय काय नाय काय. फॉर्म ट्रेमध्ये ठेवायचा नाही, हातात द्यायचा आणि इनवर्डचा शिक्का मारून पोच घ्यायची. एवढा एक शिक्का असता तर मी, कोच आणि मामा तिघं खोटे पडलो नसतो. गुडघा दुखत असलेल्या मुलीला उतरवायचं की नाही ह्यात फिजिओ नाही म्हणाला तर नाहीच, तिथे कोचचं चालणार नाही, हे पण आधीच लिहा, कारण मॅचच्या दिवशी तो वाद घालायला कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. कोचला साधं नेमणुकीचं पत्र द्या, मानधन किती, कधी मिळणार, तक्रार कोणाकडे करायची. गाडीवरच्या खाण्याला पक्कं बिल मिळत नाही हे सगळ्या जगाला माहीत आहे, त्यासाठी सह्यांची यादी चालेल असं एकदा ठरवून टाका ना.

तरी भांडण होणारच. तेव्हा ऐकणारा माणूस जिमखान्याच्या बाहेरचा हवा, आधी दोघांना वेगवेगळं ऐकणारा, मग एकत्र बसवणारा, काय ठरलं ते लिहिणारा आणि पंधरा दिवसांनी परत विचारणारा. आमच्याकडे परत कोणी विचारलंच नाही. खेळाडूंसमोर ओरडायचं नाही हा नियम दोन्हीकडच्यांना. ओरडणारा पाच मिनिटांत विसरतो, पोरं विसरत नाहीत.

एक गोष्ट मात्र ह्या सगळ्यापासून वेगळी ठेवा. कोणी बाईला, मग ती क्लार्क असो, लेडी कोच असो नाहीतर खेळाडू, लैंगिक त्रास दिला असेल तर ते भांडण नाही आणि ते चहा पाजून मिटवायचं नसतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात स्टेडियम, मॅचचं ठिकाण, कामासाठी केलेला प्रवास हे सगळं कामाची जागा म्हणून धरलंय, आणि मानधनावरची, कॉन्ट्रॅक्टवरची माणसं पण त्यात येतात. कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची, समेट करायचा असेल तर तो फक्त तिने स्वतः मागितला तरच, आणि पैसे घेऊन तर नाहीच. मी असे प्रकार पाहिलेत की प्रिन्सिपल केबिनमध्ये दोघांना समोरासमोर बसवून सॉरी म्हणायला लावतात. बाई मान डोलावते कारण दार बंद असतं.

गेल्या वर्षी ठाणे स्टेशनला दहा नंबरवर ते कोच भेटले. मी मुलीकडे कोपरखैरणेला निघालेले. मीच हाक मारली, गाडीत शेजारी बसलो, आणि दिघा गेल्यावर हिंमत करून त्या चेकचं सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, मला तेव्हाच माहीत होतं, मामांनी सांगितलेलं. मी विचारलं मग तक्रार का नाही केली. म्हणाले, कोणाकडे करायची होती? तेवढ्यात ऐरोली आलं, आणि उतरताना म्हणाले की ती बिलं अजून घरी आहेत, पास करता का.

— एक रिटायर्ड सीनियर क्लार्क, कळवा, ठाणे